अवतार की देहधारण? : टिळकांच्या कवितेचे ईश्वरशास्त्र आणि मराठी समीक्षा

जळगाव येथे १९०७ साली भरलेले कविसंमेलन मराठी वाङ्मयेतिहासात मुख्यतः एका नामकरणासाठी ओळखले जाते. धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे यांना संमेलनाध्यक्ष डॉ. का. र. कीर्तिकर यांनी ‘बालकवी’ ही पदवी दिली. पुढे हाच तरुण रेव्ह. नारायण वामन टिळकांच्या अहमदनगरच्या घरी राहिला. एका अख्रिस्ती कवीचे ख्रिस्ती कुटुंबातील हे वास्तव्य समीक्षेने ‘वात्सल्य’ या एका शब्दात मिटवून टाकले आहे. ‘स्मृतिचित्रे’मधील हृद्य आठवणींचा आधार त्याला आहेच, परंतु आठवणी हृद्य असल्या म्हणजे वैचारिक प्रश्न संपतात असे नव्हे.

बालकवींवर टिळकांचा ‘प्रभाव’ किती, हा प्रश्न फारसा फलदायी नाही. फलदायी आहे तो दोघांच्या निसर्गजाणिवेतील भेद. ‘फुलराणी’तील सृष्टी स्वतःतच रममाण होते, कळीचे लग्न लागते ते सूर्यकिरणाशी, आणि या सोहळ्याला निर्मात्याची उपस्थिती लागत नाही. टिळकांचे फूल मात्र निर्मिलेले फूल आहे. त्याच्या सौंदर्याला कर्ता आहे, म्हणून त्याच्याकडे पाहणाऱ्यावर एक ऋणही आहे. निर्माता आणि निर्मिती यांतील अंतर कायम राखणे हा ख्रिस्ती ईश्वरशास्त्राचा गाभा होय. ‘फुलामुलांचे कवी’ या लाडक्या बिरुदाने नेमके तेच झाकले.

याहून मोठी गफलत टिळकांच्या अभंगांबाबत झाली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने तुकोबांचा मार्ग सोडला नाही, उलट त्याच पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो अशी त्याची भूमिका होती. ख्रिस्ताला तो गुरुमाउली म्हणतो. समीक्षकांना हे परिचित वाटते, आणि परिचिताचा अर्थ लावण्याचे श्रम कोणी घेत नाही. आज जळगाव-धुळ्याकडील पदव्युत्तर वर्गात टिळक आणि बहिणाबाई चौधरी शेजारी ठेवून वाचले, तर विद्यार्थी दोघांनाही सहज ‘भक्ती’च्या खात्यात टाकतो. माउलीपण ओळखीचे असते. क्रूस मात्र तपशील ठरतो.

येथे संज्ञांचा प्रश्न निकराचा होतो. गीतेतील अवतारकल्पनेत पुनरावृत्ती गृहीत आहे. युगाची गरज निर्माण झाली की ईश्वर पुन्हा येतो. ख्रिस्ती सिद्धान्तातील देहधारण एकदाच घडते, इतिहासातील एका ठरावीक काळात, रोमन राजवटीखालील एका प्रांतात. इ. स. ४५१च्या खल्किदोन परिषदेने ख्रिस्त पूर्ण ईश्वर आणि पूर्ण मानव असल्याचे निश्चित केले. त्यामुळे त्याची वेदना ही लीला ठरू शकत नाही. ती लीला मानली तर दुःखभोग अभिनय होतो, आणि सिद्धान्ताचा कणाच मोडतो.

मराठीत ही अडचण टिळकांपासून सुरू होत नाही. फादर स्टीफन्स यांनी १६१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त पुराणाचा घाट, ओवीचा छंद आणि ‘वैकुंठ’सारखे शब्द स्वीकारले. शब्द स्वीकारला की त्याच्या मागचे विश्वही आत शिरू पाहते. पंडिता रमाबाईंना हे नेमके उमगले होते. त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झालेल्या बायबल-अनुवादात त्यांनी हिंदू तत्त्वज्ञानाची छटा असलेले शब्द टाळण्याचा आणि साध्या बायकांना कळेल अशी मराठी वापरण्याचा कटाक्ष ठेवला. एकाच पिढीतील हे दोन मार्ग. रमाबाईंनी शब्द गाळून अर्थ राखला. टिळकांनी शब्द ठेवून अर्थ वळवण्याची जोखीम पत्करली. काव्य म्हणून दुसरा मार्ग समृद्ध ठरला, यात शंका नाही. मात्र तो यशस्वी कोठे झाला आणि कोठे निसटला, हे तपासायला समीक्षकाकडे ईश्वरशास्त्राची किमान ओळख हवी. ज्ञानेश्वरांवर लिहिताना अद्वैत माहीत नसले तर चालत नाही. टिळकांवर लिहिताना मात्र ‘कृपा’, ‘पाप’, ‘तारण’ हे शब्द कोशातल्या अर्थाने चालवून घेतले जातात. विद्यापीठांतील मराठी विभाग आणि ईश्वरशास्त्राची विद्यालये यांची या भाषेत क्वचितच गाठ पडली, हे त्यामागचे कारण. (‘ख्रिस्ती साहित्य’ असे वेगळे फडताळ केले की त्यातले वाचण्याची सक्ती कोणावरच उरत नाही, ही सोयही आहेच.)

या दृष्टीने ‘ख्रिस्तायन’ पुन्हा वाचले पाहिजे. शीर्षकातच रामायणाचा प्रतिध्वनी आहे, म्हणजे लीलेची जोखीमही आहे. ९ मे १९१९ रोजी टिळकांचे निधन झाले तेव्हा सुमारे दहा अध्याय झाले होते. पुढचे चौसष्ट लक्ष्मीबाईंनी रचले; ग्रंथ १९३८मध्ये, त्यांच्याही मृत्यूनंतर, प्रकाशित झाला. ख्रिस्तचरित्राचा उत्तरार्ध, अर्थात दुःखभोगाचा भाग, अशा रीतीने लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आला. ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी पतीच्या थोरवीलाही लीला होऊ दिले नाही, घरातला तांदूळ, रुसवे, फसलेले बेत यांच्यासह माणूस उभा केला. देवाच्या मानवत्वाचे वर्णन करताना हीच दृष्टी ओवीत किती उतरली, टिळकांच्या अध्यायांत आणि लक्ष्मीबाईंच्या अध्यायांत ‘देह’ या शब्दाचे वजन बदलते का, हे अध्यायवार वाचनानेच कळेल. तोवर ‘पतीचे अपुरे कार्य पत्नीने तडीस नेले’ हे वाक्य चरित्रकारांपुरतेच ठेवावे.