डोलीतला रसिक : कलादालन आणि अपंग प्रेक्षक

चित्रकलेवरचे मराठी लेखन वाचत गेले की त्यातला प्रेक्षक बहुधा उभा असलेला दिसतो. तो चित्रापासून चार पावले मागे जातो, पुन्हा जवळ येतो, मान उंचावतो, पुढच्या दालनात वळतो. त्याच्या अभिरुचीची, वर्गाची, शिक्षणाची चर्चा आपल्याकडे होते. त्याचे पाय, डोळे आणि कान मात्र शाबूत असणार, असे धरूनच चाललेले असते. अपंग माणसाला दालनात प्रवेश मिळावा, ही मागणी रास्तच आहे. पण आत गेल्यावर तो चित्र कसे पाहतो, हा कलासमीक्षेचाही प्रश्न आहे, असे माझे म्हणणे आहे.

रसिक म्हणजे सहृदय, आस्वाद हा मनाचा व्यापार, त्यात शरीराचे काय, असे यावर कोणी म्हणेल. रसविचाराचा आद्य ग्रंथ मात्र तसे मानत नाही. नाट्यशास्त्राचा दुसरा अध्याय प्रेक्षागृहाच्या बांधणीवर आहे. माणसांसाठी ६४ हात लांब व ३२ हात रुंद असे मध्यम प्रेक्षागृह त्यात योग्य ठरवले आहे. वास्तू फार मोठी झाली तर नटाचे बोलणे नीट ऐकू येत नाही आणि चेहऱ्यावरचे भाव दिसत नाहीत, असे कारणही दिले आहे. म्हणजे भिंती कुठे उभ्या करायच्या, हे प्रेक्षकाच्या कानाच्या आणि डोळ्याच्या आवाक्यावरून ठरले. त्या मोजमापात अपंग प्रेक्षक धरलेला नव्हता, हे खरे. तरी वास्तूचा आस्वादाशी संबंध असतो, हे तत्त्व त्यात आहे आणि ते पुढे नेता येते.

मराठवाड्यातले सर्वांत मोठे कलादालन म्हणजे अजिंठा. फर्दापूरच्या तिठ्यावरून बस पायथ्यापर्यंत जाते, पुढे पायऱ्या. ज्याला चढवत नाही त्याच्यासाठी डोली असते : एक खुर्ची आणि ती खांद्यावर वाहणारी चार माणसे. डोलीवाल्यांच्या कष्टाबद्दल आदर ठेवूनच सांगितले पाहिजे की डोली ही पोचण्याची सोय आहे, पाहण्याची नव्हे. चित्रे असलेल्या लेण्यांत पादत्राणे काढावी लागतात. कॅलिपर वापरणाऱ्याचा बूट बहुधा कॅलिपरलाच जोडलेला असतो. तो बूट काढणे म्हणजे उभे राहण्याचा आधारच काढणे.

याचा चित्रवाचनाशी थेट संबंध आहे. १७ क्रमांकाच्या लेण्यात उजव्या भिंतीवर सिंहल अवदान पसरलेले आहे. अजिंठ्यातल्या अशा मोठ्या कथा डावीकडून उजवीकडे सरळ रेषेत सरकत नाहीत. एका ठिकाणी घडलेले वेगवेगळ्या वेळचे प्रसंग शेजारीशेजारी येतात, पात्रे पुन्हा पुन्हा भेटतात. कथा जुळवायची तर प्रेक्षकाने मागेपुढे व्हावे लागते, दूर जाऊन पुन्हा जवळ यावे लागते. त्या चित्राचा क्रम पाहणाऱ्याच्या चालण्यातून सिद्ध होतो. जो एका जागी खिळला आहे त्याला सुटे प्रसंग दिसतात, कथा दिसत नाही.

म्हणूनच पायथ्याजवळच्या पर्यटक केंद्रातल्या प्रतिकृतींना माझ्या लेखी मोल होते. १, २, १६ आणि १७ या लेण्यांच्या प्रतिकृती तिथे सपाट जमिनीवर उभारल्या होत्या. पुढे थकलेल्या बिलांपायी ते केंद्र बंद पडले. अस्सल लेणी समोर असताना नक्कल कशाला, असे अनेकांना वाटत असेल. पण अजिंठ्याची जगभरातली कीर्ती नकलांवरच वाढली. रॉबर्ट गिलने १८४४ पासून आणि जॉन ग्रिफिथ्सने जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांसह १८७२ ते १८८५ या काळात केलेल्या प्रती, अजिंठ्याला येऊ न शकणाऱ्या लंडनच्या प्रेक्षकांसाठीच तर पाठवल्या गेल्या. समुद्रापलीकडच्या प्रेक्षकासाठी नक्कल करणे योग्य ठरते, तर पायऱ्यांच्या अलीकडे अडलेल्या प्रेक्षकासाठी ती अनावश्यक कशी?

दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाने २०१५ मध्ये ‘अनुभव’ हे स्पर्शदालन सुरू केले. दृष्टिहीनांना संग्रहातल्या शिल्पांच्या प्रतिकृती तिथे हाताने पाहता येतात, माहिती ब्रेलमध्ये मिळते. ही सुरुवात मोलाची आहे. धोका एवढाच की ती वेगळी पंगत होऊन बसते. सोबतचे लोक सगळे संग्रहालय हिंडणार आणि दृष्टिहीन माणसाने आपल्यासाठी राखलेल्या एका खोलीत थांबायचे. दगडाचा पोत, कोरीव रेघेची खोली, घडणीतला तोल या गोष्टी हाताला कळतात आणि डोळसांनाही त्या तशा कळून घेता आल्या पाहिजेत. स्पर्श हा दृष्टीला दिलेला बदली कामगार नाही. १९५७ च्या सुमारास दृष्टी गेल्यावरही बिनोदबिहारी मुखर्जी यांनी कागदाची कातरचित्रे केली, शांतिनिकेतनात फरशांचे भित्तिचित्र उभे केले. अंध कलावंताचा आपण गौरव करतो, अंध प्रेक्षकाची मात्र कल्पनाही करत नाही.

मला लहानपणी पोलिओ झाला. कुबडी घेऊनच पन्नाशी ओलांडली. दालनात शिरल्यावर माझी पहिली नजर चित्राकडे नव्हे, बाकाकडे जाते. बाक नसेल तर कोणत्या चित्राला किती वेळ द्यायचा हे चित्र ठरवत नाही, काख ठरवते. चाकाच्या खुर्चीतल्या माणसाची अडचण आणखी वेगळी. उभ्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर टांगलेल्या चित्रात त्याला काचेवरचा दिवा दिसतो आणि आडव्या काचपेटीतल्या नाण्यांऐवजी पेटीची कड दिसते.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या कलम २९ मध्ये कला अपंगांना सुगम करण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करण्यासाठी नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे मुदत २०२२ मध्येच संपली. सुगमतेचे निकष निव्वळ शिफारशीवजा ठेवणारा नियम सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक निकष करायला सांगितले. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक अपंग आहेत. हा प्रश्न मूठभरांचा नाही.

अहमदपूरसारख्या तालुक्याच्या गावी चित्रप्रदर्शन भरते ते शाळेच्या, नाहीतर एखाद्या संस्थेच्या सभागृहात, पुष्कळदा जिना चढून. तळमजल्यावरची खोली निवडणे, चित्रे वीतभर खाली लावणे, मधे दोन बाक ठेवणे, चित्राखालची चिठ्ठी ठळक अक्षरात लिहिणे, याला अनुदान लागत नाही. समीक्षकाचे कामही सोपे आहे. प्रदर्शनावर लिहिताना रंग-रेषांसोबत जिना, बाक, उंची आणि उजेड यांचीही नोंद करावी. ही नोंद नियमित येऊ लागली तर मांडणी करणारे तिचा विचार करतील आणि अपंग प्रेक्षकाने चित्राबद्दल दिलेले मतही समीक्षेच्या जमेस धरले जाईल.