अलाबामा : कार्व्हरच्या गावाला जाताना

अमेरिकेतल्या मुलाकडे किंवा मुलीकडे राहून आलेली मंडळी नायगारा, डिस्नेलँड, ग्रँड कॅन्यन यांविषयी भरभरून बोलतात. दक्षिणेकडचे अलाबामा हे राज्य त्यांच्या बोलण्यात सहसा येत नाही. विज्ञान शिकवणाऱ्याने मात्र ते आपल्या यादीत जरूर घालावे. तेथे पाहण्यासारखे पुष्कळ आहे. फक्त जे जसे मांडले आहे ते तसेच्या तसे घेऊन परतू नये.

राज्याच्या उत्तर टोकाला हंट्सव्हिल आहे. तेथील अवकाश व अग्निबाण केंद्र १९७० साली सुरू झाले. चांद्रवीरांना घेऊन गेलेल्या सॅटर्न-५ या जातीचा, ११० मीटर लांबीचा अग्निबाण तेथे एका दालनात आडवा ठेवला आहे. प्रेक्षक त्याच्याखालून चालतो आणि थक्क होतो. थक्क होण्यात गैर काही नाही. पण हा अग्निबाण कधी उडालाच नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे. उड्डाणात एवढा उंच सांगाडा कसा थरथरेल हे मोजण्यासाठी तो बांधला होता. मनोऱ्यात उभा करून त्याला मुद्दाम हादरे दिले गेले. कंपनांचा धडा शिकवायला याहून चांगले उदाहरण कोठे मिळेल?

शहराच्या मोठ्या सभागृहाला वेर्नर फॉन ब्राउन यांचे नाव आहे. त्यांच्या कर्तृत्वाबद्दल वाद नाही. परंतु सॅटर्नची वंशावळ त्यांच्या जर्मनीतील व्ही-२ या अस्त्रापर्यंत जाते, आणि व्ही-२ तयार होत होते ते डोरा छळछावणीतल्या कैद्यांकडून, डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांत. त्या छावण्यांत आणलेल्या सुमारे ६०,००० कैद्यांपैकी सुमारे २०,००० मेले. हे अस्त्र जेथे पडले तेथेही एवढी माणसे मेली नाहीत. त्या कारखान्यात उत्पादन सांभाळणारे आर्थर रुडॉल्फ पुढे सॅटर्न-५ प्रकल्पाचे प्रमुख झाले आणि १९८४ मध्ये, चौकशीनंतर, नागरिकत्व सोडून अमेरिकेबाहेर गेले. अग्निबाणाची गोष्ट वर्गात सांगताना हा भाग गाळणे म्हणजे निम्मी गोष्ट सांगणे होय.

आता दक्षिणेकडे वळू. एंटरप्राइज या छोट्या गावात भर चौकात एका किडीचे स्मारक आहे! १९१९ साली उभारलेल्या या पुतळ्यात ग्रीक वेषातली एक स्त्री आहे. तिच्या हातात कीड आली ती १९४९ मध्ये. ही कीड म्हणजे कापसाच्या कळीत आणि बोंडात सोंडेने भोक पाडून अंडी घालणारा भुंगेरा. (विदर्भातली बोंडअळी ती वेगळी; ती पतंगाची अळी.) मेक्सिकोतून आलेल्या या भुंगेऱ्याने कापूस बुडवला, म्हणून लोक भुईमुगाकडे वळले आणि सुखी झाले, असे हे स्मारक सांगते.

कथा गोड आहे, पण फारच सोपी आहे. शेतात काय पेरायचे हे ठरवण्याची मुभा किती जणांना होती? अर्धेलीने जमीन कसणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबाला बियाणे आणि किराणा उधार मिळे तो कापसाच्या हमीवर. सावकाराला कापूसच हवा असे. कीड आली म्हणून हे नाते आपोआप सुटले नाही. पुतळ्यात तो कुळवाडी कोठेच नाही.

तेथून टस्कीगीला जावे. वीणा गवाणकर यांच्या 'एक होता कार्व्हर' (१९८१) या पुस्तकामुळे हे गाव मराठी शिक्षकाला परके नाही. बुकर वॉशिंग्टन यांनी १८८१ मध्ये सुरू केलेल्या संस्थेत जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर १८९६ मध्ये आले. संस्थेच्या आवारात त्यांचे संग्रहालय आहे. भुईमूग आणि रताळ्यापासून केलेल्या पदार्थांचे नमुने पाहताना आपल्याला जुनी ओळख पटते. आपण वर्गात नेमके हेच सांगतो : शेंगदाण्यापासून तीनशे वस्तू!

या आकड्याकडे जरा चिकित्सेने पाहावे. त्यातील बऱ्याच वस्तू म्हणजे पाककृती होत्या; अनेकांच्या कृती लिहून ठेवलेल्या नाहीत. कार्व्हर यांच्या नावावर एकस्वे होती तीनच, आणि शेंगदाण्याचे लोणी हा त्यांचा शोध नव्हे. यामुळे त्यांचे मोठेपण कमी होते का? माझ्या मते उलटे होते. तीनशेच्या आकड्याआड त्यांचे खरे काम झाकले जाते.

ते काम असे. कापसाने जमीन निकस झालेली, शेतकऱ्याजवळ खत घ्यायला पैसा नाही. कार्व्हर यांनी सांगितले, रानातला पालापाचोळा आणि दलदलीतला गाळ कुजवून घाला, चवळी आणि भुईमूग आलटून पालटून घ्या. या द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतला नत्र बांधतात. (वेलासकट सगळे उपटून नेले तर मात्र जमिनीत फारसे काही उरत नाही, हेही मुलांना सांगावे.) हे सगळे साध्या भाषेतल्या पत्रिकांतून छापले. भुईमुगाच्या १०५ पाककृतींची १९१६ ची पत्रिका त्यांतलीच. ज्याला शाळेपर्यंत येणे जमत नाही त्याच्यासाठी १९०६ पासून खेचरांची गाडी अवजारे आणि बियाणे घेऊन वाड्यावस्त्यांवर जाऊ लागली. विस्तारशिक्षणाचा असा पाठ तीनशे बाटल्यांत सापडत नाही.

याच गावाची दुसरी बाजूही पाहायला हवी. १९३२ मध्ये सरकारी आरोग्य खात्याने या परिसरातील सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर उपदंशाचा 'अभ्यास' सुरू केला. त्यांपैकी ३९९ रोगी होते. त्यांना 'रक्त खराब आहे' एवढेच सांगितले. पेनिसिलीन हे खात्रीचे औषध सर्वत्र मिळू लागल्यावरही त्यांना ते दिले नाही. टस्कीगी संस्थेचे नाव आणि तिचे रुग्णालय या कामी वापरले गेले. कार्व्हर यांनी गाडी पाठवून ज्या खेड्यांचा विश्वास मिळवला, ती हीच खेडी. १९७२ मध्ये वृत्तपत्रांतून वाच्यता झाल्यावर हा प्रकार थांबला आणि १९९७ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी माफी मागितली, तेव्हा त्या पुरुषांपैकी आठजण हयात होते.

त्या पुरुषांची आठवण जपणारे संग्रहालय गावात वेगळे आहे. कार्व्हर पाहून झाले की बहुतेकांचे पाय गाडीकडे वळतात. तसे न करता तेथेही तासभर काढावा. दोन्ही एकाच दिवसात सहज पाहून होतात.