हिरव्या शाईचा आवाज

सीडीच्या कडेला हिरव्या मार्करने रेघ ओढली की गाणं जास्त स्वच्छ ऐकू येतं, असं मानणारी माणसं होती आणि अजूनही आहेत. १९९०च्या आसपास अमेरिकेत ही कल्पना इतकी फोफावली की खास याच कामासाठीचं पेन बाजारात आलं. शिवाय सीडीवर ठेवायच्या पातळ चकत्या, कडेला बसवायच्या रिंगा, पुसायचे द्रव आणि डिस्कचं ‘चुंबकत्व’ काढणारी यंत्रंही आली. इतकंच काय, सीडी फ्रीजरमध्ये गोठवून मग वाजवायची, असाही सल्ला दिला गेला. यातल्या बऱ्याच गोष्टी स्वस्त होत्या. हजारो डॉलरच्या स्पीकरांच्या दुनियेत पेनाची किंमत ती काय!

या वस्तूंइतकाच मला त्यांच्यावर लिहिला गेलेला मजकूर महत्त्वाचा वाटतो, कारण ऑडिओ-समीक्षा हा एक लेखनप्रकार आहे आणि त्याची भाषा ठरलेली आहे. आवाजावरचा पडदा सरतो. बास घट्ट होतो. वाद्यांमध्ये मोकळी हवा खेळते. गायिकेने घेतलेला श्वास पहिल्यांदाच ऐकू येतो. हे वाचताना मजा येते, हे मी नाकारत नाही. पण दोन लाखांच्या स्पीकरबद्दल आणि दोनशेच्या पेनाबद्दल हीच विशेषणं येऊ लागली, की वाचणाऱ्याच्या हातात काय उरतं? पहिल्या पगारातून तीन हजार बाजूला काढून ‘साउंड’ सुधारू पाहणाऱ्याने यातलं नेमकं काय खरं धरायचं?

आधी डिस्ककडे बघू. सीडी १९८२ साली बाजारात आली. फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी ती मिळून घडवली. तिच्यावर आवाजाची दर सेकंदाला ४४,१०० मोजमापं असतात, डाव्या-उजव्या बाजूची वेगवेगळी, आणि प्रत्येक मोजमाप १६ बिटांचं. लेझर हे बिट वाचतो. कडेने पसरणारा लेझरचा लाल प्रकाश हिरवा रंग शोषून घेतो, त्यामुळे वाचन सुधारतं, असा मार्करवाल्यांचा युक्तिवाद. ऐकायला पटण्यासारखा आहे. फक्त सीडीचा लेझर ७८० नॅनोमीटरचा, म्हणजे अवरक्त. एखादी शाई आपल्या डोळ्यांना हिरवी दिसते म्हणून ती अवरक्त प्रकाशाचं काय करते हे कळत नाही. रंगाची निवडच चुकीच्या गृहीतकावर झालेली आहे. चुंबकत्व काढण्याची गोष्ट त्याहून अवघड. डिस्क पॉलिकार्बोनेट प्लास्टिकची, आतला चकाकता थर सहसा ॲल्युमिनियमचा. यातलं काहीच लोखंडासारखं चुंबकत्व धरून ठेवत नाही. लेबलच्या शाईत लोहकण असतात, असं या यंत्रांचे समर्थक सांगतात. असतीलही. पण वाचन प्रकाशाने होतं, चुंबकाने नाही.

बरं, समजा लेझर अधूनमधून चुकला. तरी पुढे काय होतं ते बघा. वडापावच्या गाडीवर चिकटवलेला क्यूआर कोड आठवा. तेलकट, एक कोपरा फाटलेला, वरून चटणीचा डाग. तरी फोन तो वाचतो आणि पैसे बरोबर जागी जातात. कारण त्या चौकटीत मूळ माहितीबरोबर जास्तीची माहिती ठरावीक गणिताने पेरलेली असते. हे गणित आयर्व्हिंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन यांनी १९६० साली मांडलं, आणि सीडीतही तेच आहे. आवाजाच्या दर २४ बाइटांमागे सीडीवर ८ जास्तीचे बाइट असतात. शिवाय सगळी माहिती विखरून लिहिलेली असते. पोथीतल्या प्रत्येक ओळीची अक्षरं शंभर पानांवर वाटून टाकली, तर एक पान फाटल्याने कुठलीच ओळ नाहीशी होत नाही, प्रत्येकीतलं एखादं अक्षर जातं आणि ते भरून काढता येतं. त्यामुळे वाचनाच्या मार्गावरचा सुमारे अडीच मिलिमीटरचा सलग ओरखडाही पूर्ण दुरुस्त होऊ शकतो. दुरुस्त होतो म्हणजे आवाज ‘जवळपास तसाच’ मिळत नाही, मूळ आकडे जसेच्या तसे परत मिळतात.

हे घरी तपासता येतं. जुन्या लॅपटॉपच्या ड्राइव्हमध्ये सीडी घालून गाणं कॉपी करायचं. मग कडेला हिरवी रेघ ओढायची, पुन्हा कॉपी करायचं आणि दोन्ही फायली ताडून बघायच्या. मी ताडून पाहिल्या आहेत. एका बिटाचाही फरक नव्हता.

इथे जाणकार समर्थक हसतात आणि म्हणतात, बिट तेच असतील हो, पण ते वेळेवर पोचतात का? हा प्रश्न पोरकट नाही. आकड्यांचा पुन्हा आवाज करताना प्रत्येक आकडा ठरल्या क्षणी यावा लागतो, आणि त्या क्षणांमधल्या थरथरीला ‘जिटर’ म्हणतात. जिटर मोजता येतो, आणि फार वाढला तर ऐकूही येतो. पण डिस्कवरून वाचलेले आकडे थेट स्पीकरकडे जात नाहीत. ते आधी प्लेअरच्या स्मृतीत साठतात आणि तिथून क्वार्ट्झच्या घड्याळाच्या ठेक्यावर बाहेर पडतात. धरणात पाणी कसंही येवो, कालव्याचा दरवाजा ठरलेल्या वेळीच उघडतो. अगदी उदार होऊन एवढं म्हणता येईल की डगमगणारी डिस्क सावरताना मोटरला जास्त वीज लागेल, आणि सुमार बांधणीच्या प्लेअरमध्ये त्याचा किंचित परिणाम पुढच्या सर्किटवर होईल. तसं असेल तर तो मोजून दाखवावा. दावा करणाऱ्याने एवढं तरी करायला हवं.

मग ज्यांना फरक ऐकू आला, ते खोटं बोलत होते का? मला तसं वाटत नाही. त्यांना बहुधा खरोखर काहीतरी वेगळं ऐकू आलं. १०,००० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी साडेतीन सेंटीमीटरच्याही आत असते. तुम्ही उठलात, सीडी काढलीत, रेघ ओढलीत आणि परत येऊन बसलात. डोकं चार बोटं इकडे-तिकडे झालं, की भिंतींवरून परतणाऱ्या ध्वनीची बेरीज-वजाबाकी बदलते आणि कानाशी पोचणारे वरचे स्वर खरंच बदलतात. त्यात व्हॉल्यूमची कळ केसभर जास्त फिरली असेल, तर थोडा मोठा आवाज आपल्याला ‘मोठा’ न वाटता ‘चांगला’ वाटतो. शिवाय दुसऱ्यांदा आपण कान टवकारून ऐकतो. तो श्वास पहिल्या खेपेलाही रेकॉर्डिंगमध्ये होताच, आपण तेव्हा त्याची वाट पाहत नव्हतो. अनुभव खरा असतो, श्रेय मात्र पेनाला जातं.

साहित्यवाल्यांना हे नवीन नाही. केंब्रिजमध्ये आय. ए. रिचर्ड्सने विद्यार्थ्यांना कवींची नावं काढून कविता वाचायला दिल्या आणि त्यांनी लिहिलेल्या प्रतिक्रिया तपासून १९२९ साली ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ हे पुस्तक काढलं. नाव झाकल्यावर आपल्या अभिरुचीचं काय होतं, हे त्यातून उघडं पडलं. ऑडिओच्या क्षेत्रातही अशी झाकून परीक्षा आहे. ऐकणाऱ्याला आणि ऐकवणाऱ्याला, दोघांनाही आत्ता काय वाजतंय हे ठाऊक नसतं. २००७ साली मायर आणि मोरान यांनी ऑडिओ अभियंत्यांच्या जर्नलमध्ये अशा एका परीक्षेचे निकाल छापले. उच्च दर्जाचं रेकॉर्डिंग थेट ऐकवलं आणि तेच सीडीच्या मापात उतरवूनही ऐकवलं. ५५४ प्रयत्नांपैकी २७६ उत्तरं बरोबर आली. नाणं उडवूनही साधारण एवढीच आली असती. ही परीक्षा मार्करची नव्हती, हे खरं. पण अख्खा साचा बदलूनही कान गोंधळतो, तर कडेवरच्या रेघेचा दावा करणाऱ्याने किती जपून बोलावं?

यावर नेहमीचं उत्तर असं की परीक्षेच्या ताणात कान बधिर होतो, बारकावे निवांत ऐकतानाच कळतात. मग निवांत ऐका. झाकून ऐकण्याला घाईची अट नाही. महिनाभर घ्या, आपल्याच खुर्चीत बसा. फक्त आतली डिस्क कोणती, हे आधी बघू नका.

दुसरं उत्तर मला जास्त त्रास देतं. स्वस्तच तर आहे, आनंद मिळतो तर मिळू दे! पण हा स्वस्तपणाच या वस्तूंचं चिलखत आहे. दोनशे रुपयांच्या पेनाची तक्रार घेऊन कोणी भांडत नाही, कोणी ते मोजायला बसत नाही. आणि पेनाने ‘पडदा सरला’ हे एकदा मान्य केलं, की उद्या तेच वाक्य तीस हजारांच्या यूएसबी केबलबद्दल वाचताना हरकत कशाच्या जोरावर घेणार? आज सीडी ऐकणारे थोडे, पण स्ट्रीमिंगसाठी ‘खास’ केबल विकणारी भाषा याच पेनाच्या काळात घडली.

कमी पैशांत आवाज सुधारत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. सुधारतो, आणि झाकून ऐकलं तरी कळेल इतका. इअरफोनची रबरी टोपी कानाच्या मापाची घेतली की हरवलेला बास परत येतो. स्पीकर कोपऱ्यातून काढून भिंतीपासून दोन हात पुढे आणणं फुकट आहे. उघड्या फरशीच्या खोलीत जाड पडदा, सतरंजी, पुस्तकांनी भरलेलं कपाट यांनी घुमणं कमी होतं. सीडी अडखळत असेल तर मऊ फडक्याने मधून कडेकडे सरळ पुसावी, गोल फिरवून नाही. आणि विकत घेताना आवृत्ती बघावी. मेटॅलिकाच्या २००८च्या ‘डेथ मॅग्नेटिक’ची सीडी इतकी दाबून मोठ्या आवाजात तयार केली होती की त्याच गाण्यांची व्हिडिओ गेममधली आवृत्ती चाहत्यांना जास्त मोकळी वाटली. सीडीचा आवाज बिघडतो तो असा, स्टुडिओत. तिथे हिरवी शाई पोचत नाही.

तरीही कुणाला पेनाची बाजू घ्यायची असेल, तर एकाच वेळी घेतलेल्या एकाच अल्बमच्या दोन सीडी, एक मार्कर, एक नाणं आणि एक मित्र लागेल. एकीला रेघ ओढा. मित्राने दर वेळी नाणं उडवून तुमच्या नकळत एक डिस्क लावायची आणि न बोलता खोलीबाहेर जायचं. सोळा खेपांत तुम्ही बारा किंवा जास्त वेळा बरोबर ओळखलंत, तर ऐकायला मी तुमच्या घरी येईन, कारण निव्वळ अंदाजाने एवढं जमण्याची शक्यता शंभरात चारहूनही कमी आहे. त्यानंतर खुशाल लिहा की पडदा सरला. तेव्हा ते वाक्य मी शब्दशः वाचेन.