टायबर्नचे चित्र आणि न उच्चारलेले भाषण

अठराव्या शतकातील लंडनमध्ये जाहीर फाशीचा देखावा कसा असे, हे सांगताना विल्यम होगार्थ याच्या एका मुद्राचित्राचा आधार वारंवार घेतला जातो. ‘उद्यम आणि आळस’ या १७४७ साली प्रसिद्ध झालेल्या १२ ताम्रपटांच्या मालेतील हे अकरावे चित्र होय. टॉम आयडल या आळशी उमेदवारास टायबर्न येथे फाशीसाठी नेत आहेत. मात्र या चित्रास प्रत्यक्षदर्शीचे टिपण समजणे म्हणजे त्याच्या रचनेकडे डोळेझाक करणे होय.

वधस्तंभ दूर, मागे आहे; त्याच्या तुळईवर रेलून फाशी देणारा स्वस्थपणे चिलीम ओढीत आहे. टॉम गाड्यात, स्वतःच्याच शवपेटीला टेकून बसला आहे. पुढची सारी जागा गर्दीची : खाऊ विकणारा, त्याच्या खिशात हात घालणारे पोर, कुत्र्यास शेपटीने धरून धर्मोपदेशकावर भिरकावू पाहणारा मनुष्य. आणि ऐन मध्यभागी, मूल कडेवर घेतलेली एक स्त्री टॉमचे ‘अखेरचे भाषण’ ओरडून विकीत आहे. वक्ता अद्याप जिवंत आहे, वधस्तंभापर्यंत पोहोचलेलाही नाही. भाषण मात्र छापून बाजारात आले आहे! असे कागद आगाऊ छापण्याची तेथील मुद्रकांची रीतच होती. भाषेच्या अभ्यासकाने येथे थांबावयास हवे. आधी उक्ती, मग लेखन, हा क्रम येथे उलटला आहे. आणि खुद्द टॉमच्या वाणीस चित्रात कोठेच जागा उरलेली नाही.

चित्राखाली बायबलमधील ‘नीतिसूत्रे’ या ग्रंथातील वचन कोरले आहे. संकटसमयी पापी देवाला हाक मारील, पण देव उत्तर देणार नाही, असा त्याचा आशय. वचन देवाच्या मौनाविषयी बोलते. चित्रात माणसेही ऐकत नाहीत. हा भेद टीकाकारांच्या नजरेतून सहसा निसटतो.

झाक कालो याच्या १६३३ च्या ‘युद्धाच्या विपत्ती’ या मालेतही झाडाला लटकलेल्या चोरांखाली पद्यपंक्ती आहेत, व त्याही दंड देणाऱ्यांचीच बाजू घेतात. परंतु तेथे शिडीवर चढलेला धर्मगुरू मरणाऱ्यासमोर क्रूस धरतो. निदान एक जण त्याच्याकडे वळलेला आहे.

होगार्थने आपली माला मुद्दाम साध्या, ठळक रेघांत कोरली, म्हणजे ती स्वस्तात तरुणांच्या हाती पडावी. तेव्हा हा ताम्रपटही त्या स्त्रीच्या हातातील कागदाच्याच बाजारातला माल ठरतो. तिला त्याने मध्यभागी उभे केले, ते हे जाणूनच केले असावे.