खोट्या नावाचा निकाह : हेरपटांतील नायक आणि त्यांच्या नायिका

गेल्या वर्षी जून महिन्यात आठवीच्या वर्गाचा हजेरीपट भरताना आमच्या एक गोष्ट ध्यानात आली. रेश्मा, शाहीन, झोया, शबाना, नसरीन ही नावे आमच्या वर्गात जशी आहेत, तशीच ती गेल्या वीस-पंचवीस वर्षांतील हिंदी हेरपटांच्या नायिकांचीही आहेत. हेरपट म्हणजे गुप्तहेरांचे सिनेमे. आमच्या विद्यार्थिनी ते मोबाइलवर पाहतात. त्यांपैकी एकीने मधल्या सुट्टीत आम्हांला विचारले, "टीचर, जासूस की बीवी को सच सबसे आखिर में क्यूं बोलते हैं?"

प्रश्न साधा होता. उत्तर मात्र चटकन देता आले नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या मुलीला उशिरा दिलेले उत्तर आहे.

आमचे तुडील हे महाड तालुक्यातील खाडीपट्ट्याचे गाव. येथील घरोघरचे पुरुष मुंबईत, जहाजावर किंवा आखातात. थोरल्या मामूंनी सौदीहून आणलेला व्हीसीआर आमच्या लहानपणीही चालू होता आणि त्यावर जेम्स बॉण्डपासून मिथुनच्या 'सुरक्षा' (१९७९) पर्यंत सारे काही चाले. अब्बांच्या पत्र्याच्या पेटीत इब्ने सफींच्या कादंबऱ्या होत्या. त्यामुळे हेरकथेची गोडी आम्हांला पडद्याआधी उर्दू अक्षरांतून लागली. या लेखात आम्ही जो कस लावणार आहोत तोही तिथलाच आहे.

हेरपटांच्या नायकांचे आपल्या नायिकांशी कसे जमत असे, हा सिनेमासिकांचा आवडता विषय. त्यातील किस्से करमणुकीचे असले तरी नीट पाहिले तर बोलकेही आहेत. १९६९ च्या 'ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस' मध्ये नायक होते जॉर्ज लेझन्बी. ते ऑस्ट्रेलियातून आलेले, जाहिरातींत काम करणारे मॉडेल आणि चित्रपटाला अगदी नवखे. नायिका डायना रिग मात्र रंगभूमीवर आणि दूरचित्रवाणीवर मुरलेल्या. भोजनाच्या वेळी रिग यांनी थट्टेने आपण लसूण खात असल्याचे लेझन्बींना ओरडून सांगितले. नंतर प्रेमप्रसंगाचे चित्रण होते. वृत्तपत्रांनी त्या थट्टेचे भांडण केले आणि या दोघांचे पटत नाही ही गोष्ट जगभर झाली.

१९९७ च्या 'टुमॉरो नेव्हर डाइज' चा किस्सा याहून महत्त्वाचा. टेरी हॅचर चित्रणाला वारंवार उशिरा येत, म्हणून पिअर्स ब्रॉस्नन चिडले. आपण चार कडू शब्द बोलून गेलो, हे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. पुढे उलगडा झाला की हॅचर गरोदर होत्या. एकाला ठाऊक नव्हते आणि दुसरीने सांगितले नव्हते, एवढ्यावरून कडवटपणा आला. रॉजर मूर यांना तर 'अ व्ह्यू टु अ किल' (१९८५) च्या वेळी कळले की आपण नायिका तान्या रॉबर्ट्‌स हिच्या आईपेक्षाही मोठे आहोत. ते तेव्हा सत्तावन्न वर्षांचे होते. हा बॉण्ड म्हणून त्यांचा शेवटचा चित्रपट ठरला. ही खोड जुनी झाली असे कोणी समजू नये. डिसेंबर २०२५ मध्ये आलेल्या 'धुरंधर' चे नायक रणवीर सिंह १९८५ साली जन्मलेले आणि नायिका सारा अर्जुन २००५ सालची आहे.

पहिल्याच बॉण्डपटाची, म्हणजे १९६२ च्या 'डॉ. नो' ची गोष्ट आणखी निराळी. उर्सुला अँड्रेस जगभर गाजल्या, पण पडद्यावर ऐकू येतो तो आवाज त्यांचा नाही, निकी व्हॅन डर झील यांचा आहे. नायकाला चेहरा आणि आवाज दोन्ही, नायिकेला नुसता चेहरा. या घराण्याची सुरुवात अशी झाली.

आपल्या मुंबईत हा प्रकार रुजला तो १९६७ च्या 'फर्ज' पासून. दिग्दर्शक रविकांत नगाइच, नायक जितेंद्र, नायिका बबिता. हा चित्रपट 'गूढाचारी ११६' या तेलुगू चित्रपटावरून केलेला होता. एजंट ११६ झालेले जितेंद्र गिरगावच्या चाळीत वाढले, त्यामुळे आमच्या मामूंना ते आपलेच वाटत. यातील नायिका संशयिताची मुलगी आहे. ती नाचते, रुसते, प्रेम करते, परंतु तिच्या आजूबाजूला काय चालले आहे याची तिला कल्पना नसते. पुढच्याच वर्षी रामानंद सागर यांचा 'आँखें' आला. धर्मेंद्र आणि माला सिन्हा, बैरूत आणि जपान, आणि त्या वर्षीच्या सर्वांत यशस्वी चित्रपटांत गणना. या जोडीत नायिका ज्येष्ठ होती, हे आज पुष्कळांच्या लक्षात नसते. १९६२ च्या 'अनपढ' मध्ये चित्रपट माला सिन्हांच्या नावावर चालला होता आणि धर्मेंद्र दोन वर्षांपूर्वी आलेले नवे नट होते. सहा वर्षांत पारडे फिरले. 'आँखें' चा हेर धर्मेंद्र आणि त्याच्या जोडीला माला सिन्हा, असा क्रम झाला. कोणाचे कोणाशी जमले यापेक्षा हा प्रकारच नायकाला पुढे आणि नायिकेला एक पाऊल मागे उभा करतो, हे पाहणे आम्हांला अधिक उपयोगाचे वाटते.

बबितांनी १९७१ मध्ये रणधीर कपूर यांच्याशी लग्न करून चित्रपट सोडले. २०१२ मध्ये त्यांची कन्या करीना 'एजंट विनोद' ची नायिका झाली. आई संशयिताची मुलगी होती, मुलगी स्वतःच संशयित झाली. पाकिस्तानी डॉक्टर इरम. नायक सैफ अली खान आणि करीना त्याच वर्षी ऑक्टोबरात विवाहबद्ध झाले. इतके जमलेले असूनही चित्रपट काही फारसा चालला नाही. म्हणजे पडद्याबाहेरचा जिव्हाळा पडद्यावर आपोआप उतरत नाही. त्यासाठी पटकथेने दोघांना सारखी जागा द्यावी लागते.

येथे आमचा कस सांगतो. इब्ने सफींच्या इमरान मालिकेत जुलियाना फिट्‌झवॉटर ही गुप्तहेर खात्याची उपप्रमुख आहे. ती एक्स-टू नावाच्या अदृश्य प्रमुखाचा हुकूम दूरध्वनीवर घेते. तो एक्स-टू म्हणजेच बावळटपणाचे सोंग घेतलेला इमरान, हे तिला ठाऊक नाही, वाचकाला मात्र ठाऊक आहे. येथेही लपवाछपवी आहेच. परंतु इमरान त्या लपवाछपवीचा उपयोग जुलियाचे मन किंवा तिचे घर मिळवण्यासाठी करीत नाही. उलट ती जवळ येऊ लागली की तो थट्टा करून दूर सरकतो. आमच्या अब्बांच्या पिढीने या अदबीवर जीव टाकला. कोणते सत्य कोणापासून लपवले आणि त्या लपवण्यातून काय मिळवले, असा तो कस आहे.

या कसाला एक बॉण्डपट उतरतो, हे सांगितले तर नवल वाटेल. १९६७ च्या 'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस' मध्ये शॉन कॉनरीचा बॉण्ड जपानी कोळ्याचे सोंग घेऊन किसी नावाच्या मुलीशी विवाह लावतो. ही भूमिका मिए हामा यांची. विवाह खोटा आहे, परंतु किसी स्वतः जपानी गुप्तहेर खात्याची आहे आणि हे सोंग आहे हे तिला पहिल्यापासून माहीत आहे. पाश्चात्त्य चित्रपटाची आम्ही कितीही नालस्ती केली तरी त्या मांडवात फसवली गेलेली मुलगी नव्हती.

आता आपल्याकडे पाहू. अनिल शर्मा यांच्या 'द हीरो : लव्ह स्टोरी ऑफ अ स्पाय' (२००३) मध्ये दोन नायिका आहेत. प्रीती झिंटाची रेश्मा ही काश्मिरी खेडवळ मुलगी. नायक सनी देओल तिला तयार करून सीमेपलीकडच्या लष्करी अधिकाऱ्याच्या घरी मोलकरीण म्हणून पाठवतो. प्रियांका चोप्राची शाहीन ही डॉक्टर. तिचे प्रेम म्हणजे तिच्या बापाच्या वर्तुळात शिरण्याची वाट. रेश्माला निदान काम काय आहे ते सांगितलेले असते. शाहीनला तेवढेही नाही. जोखीम एकीच्या माथी, फसवणूक दुसरीच्या, आणि 'हीरो' हा किताब तिसऱ्याला.

२०१२ च्या 'एक था टायगर' मध्ये मात्र तराजू समतोल झाला. सलमान खान लेखक असल्याची बतावणी करतो, कतरिना कैफची झोया प्राध्यापकाचे घर सांभाळत असल्याची. दोघेही हेर, दोघेही खोटे आणि दोघांनाही एकमेकांचे सत्य कळते. मग दोघेही आपापली नोकरी सोडून जातात. या दोघांच्या खासगी नात्याविषयी वर्तमानपत्रांनी रकानेच्या रकाने भरले. त्याची आम्हांला गरज वाटत नाही. 'टायगर जिंदा है' (२०१७) आणि 'टायगर ३' (२०२३) मध्ये झोयाच्या वाट्याला मारामारी आली, आईपण आले आणि स्वतःचे निर्णयही आले. आमच्या विद्यार्थिनींना झोया आवडते, ते उगीच नव्हे.

पण त्याच २०२३ साली 'मिशन मजनू' आला. सिद्धार्थ मल्होत्रा हा भारतीय हेर तारिक नावाने रावळपिंडीत शिंपी होतो आणि नसरीनशी लग्न करतो. रश्मिका मंदानाची ही नसरीन अंध आहे. नवरा कोण हे तिला ठाऊक नसणे पुरे नव्हते म्हणून की काय, पटकथेने तिची दृष्टीही काढून घेतली. नायक तिच्यावर प्रेम करतो, तिच्यासाठी प्राणही देतो. चित्रपटाचे सारे लक्ष त्याच्या त्यागावर आहे. ज्या नावाला नसरीनने कबूल म्हटले तो माणूसच अस्तित्वात नव्हता, ही गोष्ट तिच्या बाजूने कोणी मोजत नाही.

येथे कोणी म्हणेल की हेराने खोटे बोलायचे नाही तर काय करायचे? देशासाठी काम करणाऱ्याला सोंग घ्यावेच लागते. हे आम्हांला मान्य आहे. लढाईत डावपेच असतात. तारिक बनून त्याने अधिकाऱ्यांना फसवले, अणुकेंद्राचा ठावठिकाणा काढला, त्यावर आमचे काही म्हणणे नाही. परंतु निकाह ही लढाई नव्हे. इजाब आणि कबूल हे दोन शब्द दोन माणसांत होतात, आणि समोरचा माणूस कोण हे कळल्याशिवाय कबूल पुरा होत नाही.

ही गोष्ट आम्हांला पडद्यापुरती वाटत नाही, याला कारण आहे. आमच्या एका माजी विद्यार्थिनीचा निकाह झाला तेव्हा मुलगा आखातात सुपरवायझर असल्याचे सांगण्यात आले होते. काही महिन्यांनी कळले की त्याची नोकरी निकाहाच्या आधीच गेली होती आणि डोक्यावर कर्ज होते. मुलगा वाईट नव्हता. तिच्याशी तो नीट वागत असे. सर्वांच्या इज्जतीसाठी गप्प बसलो, असे त्याने सांगितले. ती पुढील शिक्षणासाठी दाखला घ्यायला शाळेत आली तेव्हा म्हणाली, "टीचर, मैंने कबूल किसको किया था?" दाखल्यावर नाव लिहिताना आमचा हात थांबला. वधूपक्षाला सत्य शेवटी सांगण्याची रीत आमच्या गावातही आहे. तिला हेरखात्याची गरज लागत नाही. ज्या गावात ही रीत चालते तिथल्या मुली 'मिशन मजनू' पाहून नायकासाठी रडतात आणि नसरीनचा प्रश्न विचारायचे विसरतात, याची आम्हांला काळजी वाटते.

म्हणूनच मेघना गुलजार यांचा 'राझी' (२०१८) आम्हांला मोलाचा वाटतो. येथे पारडे उलटे आहे. आलिया भटची सहमत ही काश्मिरी मुलगी हेरगिरीसाठी पाकिस्तानी लष्करी अधिकारी इक्बालशी निकाह करते. सत्य तिला ठाऊक, नवऱ्याला नाही. विकी कौशलचा इक्बाल नव्या बायकोला वेळ देतो, तिच्या मनाची तयारी होईपर्यंत अंतर राखतो. फसवला जाणारा नायक आणि तरीही इतका सभ्य, असे आम्ही हेरपटात पूर्वी पाहिले नव्हते. सहमतच्या हातून घरचा जुना नोकर मरतो, दीर मरतो. त्या दिराची पत्नी मुनिरा, आपल्या मराठी अमृता खानविलकर, सहमतला प्रेमाने वागवणारी जाऊ. सहमत यशस्वी होते, पण चित्रपट तिला हार घालून मोकळा होत नाही. आपण काय केले हे तिला कळते आणि ती मोडून पडते. आमचा कस आम्ही सहमतलाही लावतो, आणि ती त्यातून निर्दोष सुटत नाही. फरक इतकाच की तिचा हिशेब तिच्या चित्रपटाने स्वतःच मांडला आहे. तारिकचा हिशेब मांडायचे धाडस त्याच्या चित्रपटाला झाले नाही.

शेवटी आमच्या वर्गातल्या त्या मुलीला आम्ही एक खरी गोष्ट सांगितली. नूर इनायत खान, टिपू सुलतानच्या वंशातील, सूफी पित्याची कन्या. जून १९४३ मध्ये ब्रिटिशांनी तिला बिनतारी यंत्र घेऊन जर्मनांच्या ताब्यातील फ्रान्समध्ये पाठवले. ते काम करायला गेलेली ती पहिली स्त्री. तिचे गुप्त नाव मादलेन. सप्टेंबर १९४४ मध्ये डाखाऊच्या छळछावणीत तिला ठार करण्यात आले आणि १९४९ मध्ये मरणोत्तर जॉर्ज क्रॉस देण्यात आला. 'अ कॉल टु स्पाय' (२०१९) या चित्रपटात तिची भूमिका पुण्याच्या राधिका आपटेंनी केली आहे. त्यात हेरगिरीचा भार स्त्रियांच्याच खांद्यावर आहे, कोण्या नायकाच्या मागे त्या उभ्या नाहीत.

मुलीने विचारले, "टीचर, नाव तर तिनेही खोटे सांगितले ना?"

आम्ही म्हणालो, "हो, सांगितले. पण दुश्मनाला सांगितले."

तिने थोडा विचार केला आणि मग वर्गातल्या नसरीनकडे पाहिले. घंटा झाली म्हणून पुढचे बोलणे राहिले, ते आम्ही येथे लिहिले आहे.