वन्स मोअर, टेलिटबीज!

नाटकाला संघर्ष लागतो, असं आपल्याला शाळेपासून शिकवलं जातं. ‘टेलिटबीज’ला तो लागत नाही. ३१ मार्च १९९७ रोजी बीबीसीवर सुरू झालेल्या या लहान मुलांच्या मालिकेत चार गुबगुबीत प्राणी हिरव्यागार टेकड्यांवर राहतात. त्यांच्या पोटावर टीव्हीचे पडदे आहेत, डोक्यावर अँटेना आहेत. व्यवसाय काही नाही.

नांदी मात्र शास्त्रोक्त. सूर्य उगवतो, त्यात एक तान्हं बाळ खिदळत असतं. मग उंचीच्या उतरत्या क्रमाने हजेरी होते: टिंकी विंकी, डिप्सी, लाला, पो. क्रम चुकत नाही. निवेदक सूत्रधाराच्या गांभीर्याने सांगतो, की अमुक एकजण अमुक करतो आहे. तो अमुक एकजण लगेच ते करून दाखवतो. एकाचं झालं की दुसऱ्याची पाळी. आपण मनातल्या मनात मोजतो, अजून दोन राहिले. पात्रांत खरा कर्ता एकच, नू-नू नावाचा व्हॅक्यूम क्लीनर. बाकीचे गुलाबी कस्टर्ड सांडतात, तो निमूटपणे पुसतो. घरोघरच्या आयांना यातलं नेमकं कोणतं पात्र जवळचं वाटलं असेल, ते सांगायला नको.

नेपथ्यही पाहण्याजोगं. हा प्रदेश म्हणजे वॉरिकशरमधलं एक शेत. टेलिटबींचे पोशाख इतके अवाढव्य होते, की साधे ससे त्यांच्या पायाशी उंदरांएवढे दिसले असते. म्हणून मोठ्या जातीचे ससे आणून सोडले. इतका विचार ज्या मालिकेत सशांचा केला गेला, तिला बिनडोक म्हणायला जीभ रेटत नाही. तशी टीका इंग्लंडात भरपूर झाली. टेलिटबींचं बोबडं बोलणं ऐकून मुलं बोलायला कशी शिकणार, असा सूर होता. गंमत अशी, की अ‍ॅन वुडबरोबर मालिका निर्माण करणारा अँड्र्यू डेव्हनपोर्ट वाक्‌विज्ञान शिकलेला होता.

पण मालिकेचा प्राण आहे मधल्या चित्रफितीत. पवनचक्की फिरते, एका टेलिटबीचं पोट उजळतं आणि पडद्यावर खरी मुलं काहीतरी साधंसुधं करताना दिसतात. काही मिनिटांनी फीत संपते. मोठा माणूस सुटकेचा श्वास टाकतो. तेवढ्यात चौघे ‘परत, परत!’ म्हणून ओरडतात, आणि तीच फीत पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक क्षणही न कापता, परत दाखवली जाते. माझ्या माहितीत प्रौढ प्रेक्षकाचा इतका उघड अपमान दुसऱ्या कुठल्याही कार्यक्रमाने केलेला नाही.

खरं तर आपण मराठी लोकांनी यावर नाक मुरडू नये. बालगंधर्वांच्या पदांना वन्स मोअरवर वन्स मोअर देऊन नाटक पहाटेपर्यंत लांबवणारी रसिकता आपलीच. आपण म्हणू, की तिथे प्रत्येक खेपेला नवी जागा यायची, नवी तान यायची. बरोबर आहे. इथे तान नाही, हरकत नाही, मुरकी नाही. दोन वर्षांच्या रसिकाला ती नकोच असते. पहिल्या खेपेला तो नुसता पाहतो. दुसऱ्या खेपेला, आता बादली कलंडणार हे त्याला आधीच ठाऊक असतं. ती कलंडते, आणि अख्ख्या घरात भविष्य फक्त त्याला कळलेलं असतं. या वयात एरवी त्याला कुणी काही विचारत नाही. नवी तान घेतली तर त्याचं भाकीत चुकेल. निर्मात्यांनी हे नेमकं ओळखलं होतं, आणि मोठ्यांच्या जांभयांची पर्वा न करता ते त्याला धरून राहिले.

तक्रार एकच. २००१ पर्यंत या मालिकेचे ३६५ भाग तयार झाले. तिच्याच तत्त्वाने पाहिलं तर त्यातले ३६४ जास्तीचे आहेत.