हंगेरी व रुमानिया येथील गोड्या पाण्यांतील मासेमारीचीं कोष्टकें

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषि संघटनेच्या कोष्टकांत १९५० पासून उभय देशांचे आंकडे शेजारीं शेजारीं आढळतात. तेवढ्यानें ते तुलनेस पात्र ठरत नाहींत. हंगेरींत नैसर्गिक जलाशयांतील धंदेवाईक मासेमारी २०१६ पासून कायद्यानें बंद झाली. तदनंतरची नोंद मुख्यतः गळ टाकणाऱ्या हौशी लोकांची होय. रुमानियांत कोळ्यांचीं जाळीं अद्याप चालतात. परंतु डान्यूबकांठचीं पुराखालीं जाणारीं मैदानें, विशेषतः १९६० नंतर, बांध घालून शेतीस लाविल्यामुळें माशांच्या अंडीं घालण्याच्या जागा नष्ट झाल्या. म्हणजे एकीकडे ‘पकड’ या शब्दाचा अर्थ पालटला, दुसरीकडे नदीच पालटली. अशा स्थितींत केवळ बेरजा ताडून उणेंअधिक ठरविणें, हें श्लोकसंख्या मोजून पाठनिर्णय करण्यासारखें आहे. मासा कोणीं धरला, कोठें धरला व नोंद कोणीं केली, हें पोथीच्या परंपरेप्रमाणें आधीं शोधावें, तुलना मागाहून.